बॅन्फचा जेम्स आणि आपली बखर

"सर, आपला इतिहास साहेबानं का लिहिला? आपल्या माणसांना लिहिता येत नव्हतं?"

यंदा वर्गात एका मुलाने विचारले, आणि खडू माझ्या हातातच राहिला. बखरी होत्या, दफ्तरे होती, असे मी सांगितले. पण त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही.

हा साहेब म्हणजे ग्रँट डफ. स्कॉटलंडातील बॅन्फ गावी १७८९ साली जन्मला तेव्हा तो नुसता जेम्स ग्रँट होता. वडील गेले, आई ॲबर्डीनला राहावयास आली. सोळाव्या वर्षी पोराने कंपनीच्या फौजेत नाव घातले. त्या काळी कितीएक स्कॉटिश मुलांचा पोटापाण्याचा हाच रस्ता होता.

१८१८ साली एल्फिन्स्टनने त्याला साताऱ्यास नेमले. छत्रपती प्रतापसिंहांच्या राज्याचा कारभार त्याने पाहिला आणि १८२२ साली तो त्यांच्या हाती सोपविला. त्याच दिवसांत त्याने कागद जमविले, बखरी वाचवून घेतल्या. पुढे प्रकृती ढासळली व तो मायदेशी परतला. तिथे ईडनची इस्टेट वारशाने मिळाली आणि नावाला 'डफ' जोडले गेले. ग्रंथ छापताना नावावरून अडचण आली. पण 'मराठे' हा शब्द काढावयास तो तयार झाला नाही. १८२६ साली लंडनला तीन खंड निघाले.

मात्र याच ग्रंथात मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतील वाळल्या गवताच्या वणव्यासारखा दिसला! १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या चुका दाखविल्या. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी सांगितले की, हा वणवा नव्हे, यामागे संतांची मशागत आहे. राजवाडे तर अस्सल कागदांसाठी गावोगाव हिंडले.

इकडे १८३९ साली कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडले. तिथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. डफ १८५८ साली वारला. आपल्या मुलाचे नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेवले होते. तो १८८१ साली मद्रासचा गव्हर्नर झाला. पोटासाठी आलेल्याच्या मुलाला गव्हर्नरी, आणि गादीच्या धन्याला काशीचा वनवास!

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो आजोबांच्या पेटीतला एक जुना मोडी कागद घेऊन आला. आम्हा दोघांनाही तो वाचता येईना. दिवाळीची सुट्टी संपली की मोडी शिकायची, असे आम्ही ठरविले आहे.