कार्डाइन यांचे सोबती

सभा भरविण्यात आमचे उभे आयुष्य गेले. तेव्हा पाच-सात पोरांच्या बैठकीचा इतिहास आम्ही सांगू लागलो, तर श्रोत्यांना नवल वाटेल. पण आदल्या दिवशी फाटकावर हजार माणसे घोषणा देतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाच्या हाती चार्जशीट पडले, की त्याच्या खोलीवर किती जण फिरकतात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून बेल्जममधली ही हकीकत सांगावीशी वाटते.

जोसेफ कार्डाइन यांचा जन्म १८८२ चा, ब्रुसेल्सनजीकचा. घर कष्टकऱ्याचे. मुलाने पाद्री व्हायचे ठरविले. सुटीत तो गावी आला, तेव्हा शाळेतले सोबती कारखान्यांत लागलेले. त्यांनी पाठ फिरविली! पाद्री म्हणजे मालकांचा माणूस, हा त्यांचा हिशेब. आणि तो अगदीच चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. १९०३ साली बाप कष्टांनी झिजून गेला. आपले आयुष्य कामगारांना द्यायचे, अशी शपथ मुलाने बापाच्या मरणसमयी घेतली.

१९१२ साली ते लाकेनच्या चर्चमध्ये आले. आरंभ झाला तो कामकरी मुलींच्या मंडळांपासून, हे पुष्कळदा विसरले जाते. मुलांत फर्नां तोने हा तरुण पुढे आला. महायुद्धानंतर पोल गार्से आणि जाक मेर्त येऊन मिळाले. बैठकीची रीत साधी : पाहा, पारखा, करा. पगार किती, तास किती, नव्या पोराला पहिल्या दिवशी कसे वागविले, हे ज्याने त्याने सांगायचे. मग ते बायबलाच्या उजेडात तपासायचे, आणि पुढच्या बैठकीपर्यंत कोणी काय करायचे ते ठरवूनच उठायचे. पुढारी पाद्री नव्हे, तरुण कामगारच. प्रार्थना करून शेजारच्या यंत्रावरच्या पोराची विचारपूस न करणारा तिथे अपुरा ठरे.

१९२५ साली तरुण ख्रिस्ती कामगारांची ही संघटना रीतसर उभी राहिली. कामगार पोरांना निराळे काढता कशाला, असा आक्षेप खुद्द चर्चमध्येच निघाला. कार्डिनल मेर्सिये यांचेही मन साशंक होते. पोप अकरावे पायस यांनी मात्र पाठबळ दिले. समाजवाद्यांना वाटे, हा कामगारांत फूट पाडण्याचा डाव. आम्ही तिथे असतो, तर आम्हीही तेच म्हटले असते. मैत्री ही माणसे जाळ्यात ओढण्याची युक्ती असू शकते, हे आम्हा संघटनावाल्यांखेरीज कोणाला अधिक ठाऊक? पण युक्तीने जमलेली माणसे संकट आले की पांगतात.

दुसऱ्या महायुद्धात संकट आले. बेल्जम जर्मनांच्या ताब्यात गेला. १९४२ साली कार्डाइन तुरुंगात गेले आणि सुटले. तोने व गार्से हेही पकडले गेले. १९४५ च्या आरंभी, युद्ध संपायला थोडेच महिने उरले असता, दोघेही डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले.

१९६५ साली कार्डाइन यांना कार्डिनल केले गेले. पहिल्या तिघांपैकी हे दोघे ते पाहायला नव्हते.