कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणजे काय? कमी मोजमापांतून पूर्ण चित्र कसं मिळतं?

एमआरआय मशीनमध्ये रुग्णाला बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं. लहान मुलांना ते जमत नाही, त्यामुळे अनेकदा भूल द्यावी लागते. हा वेळ कमी करणाऱ्या तंत्रांपैकी एक आहे 'कॉम्प्रेस्ड सेन्सिंग'.

अडचण काय होती?

एमआरआय मशीन थेट फोटो काढत नाही. ते एकामागून एक मोजमापं घेतं आणि त्यांवरून कॉम्प्युटर प्रतिमा तयार करतो. २५६ × २५६ पिक्सेलच्या प्रतिमेत ६५,५३६ अज्ञात संख्या असतात. शाळेतल्या बीजगणितानुसार तितकीच समीकरणं हवीत. ती कमी पडली, तर एकाऐवजी असंख्य उत्तरं निघतात.

तोडगा कसा निघाला?

बहुतेक प्रतिमांमध्ये महत्त्वाची माहिती थोडीच असते. म्हणूनच जेपेग फाइल लहान होते, तरी फोटो फारसा बिघडत नाही. मग जे नंतर टाकूनच द्यायचं, ते आधी मोजायचं कशाला?

एक उदाहरण पाहू. ९ नाण्यांत एक खोटं आणि हलकं आहे. तीन-तीनचे गट करून तराजूत तोलले, तर २ वेळा तोलून ते सापडतं. कारण खोटं नाणं एकच आहे, हे आधीच माहीत असतं.

इथेही तसंच. असंख्य उत्तरांपैकी ज्यात शून्य नसलेल्या संख्या सर्वांत कमी, ते उत्तर हवं असतं. ते थेट शोधणं कॉम्प्युटरलाही जवळपास अशक्य आहे. त्याऐवजी अधिक-उणे चिन्ह न धरता केलेली संख्यांची बेरीज सर्वांत कमी येईल, असं उत्तर शोधतात. मोजमापं यादृच्छिक, म्हणजे ठरावीक क्रमाशिवाय निवडलेली आणि पुरेशी असतील, तर दोन्ही उत्तरं जवळजवळ नेहमी एकच येतात. इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रॉमबर्ग, टेरेन्स टाओ आणि डेव्हिड डोनोहो यांच्या २००६ मधल्या शोधनिबंधांनी याचा गणिती पाया घातला.

उपयोग कुठे झाला?

२००७ मध्ये मायकेल लस्टिग, डोनोहो आणि जॉन पॉली यांनी ही पद्धत एमआरआयसाठी मांडली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर आधारित तंत्रांना मंजुरी दिली.

मर्यादा काय?

मोजमापं फारच कमी घेतली, तर बारीक तपशील पुसट होऊ शकतात. निदान त्याच तपशिलांवर अवलंबून असेल, तर ही बचत महागात पडते. म्हणून किती मोजमापं पुरेशी, हा प्रश्न प्रत्येक तपासणीत महत्त्वाचा ठरतो.