कुर्डुवाडी : रुळांनी वसविलेले गाव

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीची ओळख केदारेश्वराच्या प्राचीन मंदिराशी जोडलेली आहे. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीला असा वारसा नाही, तिला घडविले ते रेल्वेने. मूळ गाव कुर्डू, त्याची ही वाडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुणे-सोलापूर लोहमार्ग येथील माळरानातून गेला आणि स्थानकाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. गाडी थांबे येथे, नाव मात्र दूरच्या बाजारपेठेचे!

हे अंतर तोडले एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंतचा सुमारे ३४ किलोमीटरचा, अवघ्या अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. प्रत्येक आसावरील भार पाच टनांपलीकडे जाऊ द्यायचा नाही आणि तो सर्व आसांवर सारखा वाटायचा, ही कॅलथ्रॉपची युक्ती. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाई. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला, तर १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मुंबई-पुण्याकडून येणारा वारकरी असो वा लातूरकडचा माल, मोठ्या आणि छोट्या रुळांमधील अदलाबदल कुर्डुवाडीतच होई. या खोळंब्यावरच वाडीचे शहर झाले. रेल्वेचा कारखानाही येथेच उभा राहिला.

१९५४ मध्ये ही खासगी रेल्वे सरकारकडे आली. लातूर मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, मिरजेकडील छोटे रूळही त्यानंतर गेले. कुर्डुवाडीत गाडी बदलण्याचे कारण उरले नाही.