तळटीप : ‘दोघांच्या सह्या’

१४. ‘दोघांच्या सह्या’ : अमेरिकेत नवरा-बायको आपापले उत्पन्न फॉर्म १०४० वर एकत्र दाखवून एकच विवरणपत्र भरू शकतात. पत्र मार्चमधले आहे, मुदत १५ एप्रिलची, घाई त्याचीच. ३१ डिसेंबरला लग्न झालेले असले की सगळे वर्ष विवाहित धरतात. १९४८ च्या कायद्याने एकत्र उत्पन्नाच्या निम्म्यावर कर काढून तो दुप्पट करण्याची रीत आणली. कमावणारे एकच असेल त्या घराला याचा फायदा मोठा. लेखिका सासूबाईंना बचतीचे तेवढे कौतुकाने कळवते, सहीचे ओझे सांगत नाही : कर थकला तर सगळी रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल होऊ शकते, पुढे घटस्फोट झाला तरी. (जोडीदाराने अंधारात ठेवले असेल तर सवलत मागता येते; मिळेलच असे नाही.) भारतात असे एकत्र विवरणपत्र नाही. त्यातल्या त्यात जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथल्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५अ नुसार, घरभाडे किंवा धंद्याचे उत्पन्न पती-पत्नीत निम्मे-निम्मे धरले जाई. पगार मात्र ज्याचा त्याचा, आणि विवरणपत्रेही दोन.