झाकण नसलेले लॉकेट

आज मराठीत आपण ज्याला लॉकेट म्हणतो त्याला झाकण नसते. सराफाच्या पेढीवर जाऊन 'लॉकेट दाखवा' म्हटले की तो साखळीत ओवायचे पदक पुढे करतो. कधी गणपतीचे, कधी बदामाच्या आकाराचे, कधी नावाच्या आद्याक्षराचे. ते उघडत नाही आणि ते उघडेल अशी कोणाची अपेक्षाही नसते. मूळ शब्दात मात्र उघडमीट आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'लोके' म्हणजे दाराची लहानशी खिटी. इंग्रजीने ती खिटी दागिन्याला लावली. मराठीने शब्द घेतला आणि खिटी सोडून दिली. परका शब्द घरात येताना वस्तूचा कोणता भाग उंबरठ्याबाहेर राहिला, हे भाषेच्या अभ्यासकाने पाहायला हवे असे मला वाटते. एरवी हा विषय दागिन्यांच्या हौशी संग्राहकांचाच मानला गेला असता.

या प्रश्नाकडे मी वळले ती एका वस्तूमुळे. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात, पितळी कुलपे आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या ढिगात, एक काळवंडलेले अंडाकृती लॉकेट मिळाले. चांदीचे, पुढच्या बाजूस काळा मीना आणि मीन्यात मोकळी ठेवलेली वेलीची नक्षी. ती आयव्हीची वेल होती. जिथे चिकटते तिथून सुटत नाही म्हणून व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये ती निष्ठेची खूण मानत. नखाने कड उचलली तेव्हा आत, काचेखाली, तपकिरी केसांची एक बारीक वेणी गोल करून बसवलेली दिसली. विकणाऱ्याला आत काय आहे याची कल्पना नव्हती. चांदीच्या वजनावर त्याने भाव केला.

त्यानंतर अशा आणखी तीन-चार वस्तू जमल्या आणि त्या कशा पाहायच्या हे हळूहळू कळत गेले. पुष्कळशी लॉकेटे बर्मिंगहॅमची. तिथल्या सोनारवाड्यात एकोणिसाव्या शतकात पातळ पत्रा ठशावर दाबून पोकळ अर्धुके काढण्याची यंत्रे आली आणि पूर्वी श्रीमंतांच्या गळ्यात असणारा दागिना शिक्षिकेला आणि दुकानातल्या मुलीलाही परवडू लागला. १८५४ च्या कायद्याने पंधरा, बारा आणि नऊ कॅरटच्या सोन्यालाही अधिकृत छाप मिळू लागला. बावीस कॅरटखाली सोने न मानणाऱ्या आपल्या सराफाला नऊ कॅरट ऐकून हसू येईल, परंतु हलक्या कसाचे सोने कडक असते आणि खिटीला कडकपणा लागतो. बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीचा छाप नांगराचा. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाला नांगर का, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. नांगराशेजारी वर्षाचे अक्षर असते, आणि राणीचे मस्तकही उमटलेले असेल तर वस्तू १८९० पूर्वीची, कारण त्या वर्षी चांदीसोन्यावरील कर उठला आणि करभरणीची ती खूण बंद झाली. माझ्या लॉकेटवर मस्तक आहे.

यंत्राने ठसा उमटवला तरी कारागिराचा हात संपत नव्हता. लॉकेटची परीक्षा त्याच्या बिजागरीत. पाच इवल्या नळ्या, तीन एका अर्धुकावर आणि दोन दुसऱ्यावर डाक देऊन बसवलेल्या, त्यांतून गेलेली तार दोन्ही टोकांना घासून सपाट केलेली. चांगले लॉकेट मिटले की दोन अर्धुकांमधली रेघ शोधावी लागते. शंभर-सव्वाशे वर्षे उघडून-मिटूनही माझ्या लॉकेटची बिजागरी ढिली झालेली नाही. झिजली आहे ती वरची कडी, साखळीच्या घर्षणाने. म्हणजे ते पेटीत पडून नव्हते, कोणीतरी रोज घालत होते. आतल्या केसांचे काम हा तर स्वतंत्र धंदाच होता. केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांची चरबी काढायची, सारख्या संख्येच्या बटा मोजायच्या, प्रत्येक बटेला शिशाचे वजन बांधून गोल मेजावर गोफ विणायचा. मृताच्या केसांऐवजी कारागीर भलतेच केस वापरतो असा संशयही त्या काळी बोलून दाखवला जाई. १८६७ मध्ये अमेरिकेत मार्क कॅम्पबेल याने हे काम घरीच शिकवणारे पुस्तक काढले, त्याला गिऱ्हाईक मिळाले ते काही अंशी या संशयामुळेच असावे.

या सगळ्या रिवाजाला राजमान्यता होती. पहिली मुलगी झाली तेव्हा, १८४० मध्ये, प्रिन्स अल्बर्टने व्हिक्टोरियाला एक साखळी दिली. तिच्यात प्रत्येक अपत्यागणिक एक मीन्याचे बदामी लॉकेट वाढत जाऊन नऊ झाली आणि प्रत्येकात त्या त्या मुलाचे जावळ. १४ डिसेंबर १८६१ रोजी अल्बर्ट गेला. राणीने काळी वस्त्रे धारण केली ती २२ जानेवारी १९०१ रोजी स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरवली नाहीत. तिच्या शोककालातल्या एका लॉकेटात अल्बर्टचे छायाचित्र आणि त्याचे केस होते. तिचे पाहून सगळा देश काळे दागिने घालू लागला. व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या काळ्या जेटला मागणी आली आणि ज्यांना जेट परवडेना त्यांच्यासाठी कडक केलेल्या रबराची काळी लॉकेटे निघाली. हे सारे निव्वळ प्रेम होते असे समजू नये. विधवेने किती महिने कोणते कापड घालावे याचे नियम जाचक होते आणि ते न पाळणाऱ्या बाईची चर्चा होई. तरीही एक गोष्ट उरते. नवरा गेल्यावर त्या समाजातल्या बाईच्या अंगावर एक दागिना चढत होता, आणि त्या दागिन्यात केस होते.

लॉकेट घेऊन मी सोलापूरला आले तेव्हा आजी नव्वदीला टेकली होती. तिने ते हातात घेतले, नक्षीचे कौतुक केले. मी उघडून दाखवले तेव्हा तिने चटकन हात मागे घेतला.

"मेलेल्या माणसाचे केस? गळ्यात?"

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आमच्या आत्याबाईंचं उलटं होतं. माणूस त्यांचं गेलं आणि केस यांचे गेले."

आजीची ही आत्या तेराव्या वर्षी विधवा झाली. आजीने तिला पाहिले ते लाल आलवणातच. दर काही दिवसांनी न्हावी मागच्या दाराने येई. पडवीत पाट मांडला जाई आणि मुलांना पुढच्या अंगणात पिटाळले जाई. आजीला दिसले ते फक्त नंतरचे, पडवी धुतल्यावर मोरीकडे जाणारे पाणी.

'पण लक्षात कोण घेतो?' मी इतकी वर्षे वर्गात शिकवते आहे. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेल्या या कादंबरीतल्या यमूचे केशवपन सासरचे बळजबरीने करतात त्या प्रकरणाला वर्गात शांतता पसरते. परंतु तो प्रसंग मी नेहमी हरिभाऊंचे वास्तववादी तंत्र, आत्मनिवेदनाचा वापर, अशा सदरांखाली शिकवत आले. आजीच्या एका वाक्याने त्याची तारीख माझ्यासमोर उभी राहिली. त्याच वर्षी, १८९० मध्येच, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार झाला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. ज्यांच्या घरी ते जात त्यांच्यापैकी बहुतेकांना हे सुचले नव्हते. आणि नेमक्या याच दशकात बर्मिंगहॅममध्ये केसांसाठी काच बसवलेली लॉकेटे तयार होत होती. एकाच राणीचे राज्य, एकच शोक, आणि केसांचे दोन टोकांचे अर्थ.

केशवपनामागची कल्पना स्कंदपुराणातल्या काशीखंडात सापडते. विधवेने केस बांधले तर परलोकात तिचा पती बांधला जातो, असा तिचा आशय. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या रूढीला प्राचीन आधार नसल्याचे दाखवले. पण मला थबकवले ते त्या कल्पनेच्या तर्काने. केस हे बंधन आहे, मृत आणि जिवंत यांना जोडणारा दोर आहे, हे इंग्रज विधवा आणि काशीखंडाचा कर्ता या दोघांनाही मान्य आहे. तिने तो दोर गोफ विणून काचेखाली ठेवला. याने तो कापायला लावला, तोही जिवंत बाईच्या डोक्यावरून. कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला पुरुष अडकतो एवढीच त्याला चिंता.

मग आपल्या दागिन्यांत पोकळी नव्हतीच का? होती, आणि भरपूर होती. मोहनमाळेचा, बोरमाळेचा मणी आतून पोकळ असतो. त्यात लाख भरतात, म्हणजे पातळ पत्र्याला चेप येत नाही. ताइतात मंत्र लिहिलेला कागद किंवा भूर्जपत्र घालून तोंड बंद करतात. तो उघडण्यासाठी नसतो. मराठीने लाडक्या माणसाला 'गळ्यातला ताईत' म्हटले खरे, पण ताइतात माणूस कधी ठेवला नाही. मंगळसूत्राच्या दोन वाट्या पोकळच. काही घरांत लग्नात त्यांत हळदकुंकू भरतात. नवरा गेला की त्या उतरतात. गेलेल्या माणसाची आठवण आपण भिंतीवर टांगली, चंदनाच्या हारासकट, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. अंगावर, कपड्याआड, एकटीने उघडून पाहण्याची जागा तिला दिली नाही. उघडणारे लॉकेट आपल्या मनात आले ते बहुधा हिंदी चित्रपटांतून, जत्रेत हरवलेल्या भावंडांच्या गळ्यातले, आणि तेही ओळख पटवण्याच्या कामापुरते.

सोलापुरात मात्र एक ठळक अपवाद रोज समोर असतो. सिद्धरामेश्वरांचे हे गाव. इथल्या लिंगायत घरांत गळ्यात इष्टलिंग असते आणि ते ठेवण्यासाठी चांदीची डबी, करडिगे. जुन्या करडिगेचे काम पाहावे. फुगीर पोट, दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली टोके, फिरवून बसणारे झाकण आणि ते इतके घट्ट की वारा शिरू नये. माझ्या संग्रहातल्या कोणत्याही इंग्रज लॉकेटच्या बिजागरीशी या झाकणाने बरोबरी करावी. हा दागिना रोज उघडला जातो, कारण पूजा रोज व्हायची असते. आणि तो बाईच्याही गळ्यात असतो, पुरुषाच्याही. बसवेश्वरांच्या परंपरेने सूतक मानले नाही. इष्टलिंग देहापासून दूर होऊ द्यायचे नाही हा दंडक आहे, मृत्यूनंतरही ते देहासोबतच जमिनीत जाते. त्यामुळे लिंगायत विधवेचे मंगळसूत्र उतरले तरी लिंग उतरत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात त्या घरांतल्या विधवांच्या वाट्यालाही पुष्कळ काही आले असेल. तरी नवऱ्याच्या जगण्यामरण्यावर अवलंबून नसलेली एक पोकळी त्यांच्या गळ्यात राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

इथे एक विसंगती नोंदवण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडे गिन्या ओवून माळा करण्याची हौस होती. इंग्रजी गिनीवर १८९३ पासून राणीचे जे वृद्ध मस्तक आले त्यावर पदर आहे, विधवेचा पदर. हळदीकुंकवाला विधवेची सावली नको म्हणणाऱ्या सवाष्णी गळ्यात विधवेचे मुख मिरवीत होत्या. बावीस कॅरटचे होते ना!

जुने दागिने आपल्याकडे फारसे उरत नाहीत याचे साधे कारण मोड. नवी पाटली करायची तर जुनी मोडीत द्यायची, घट सोसायची, घडणावळ भरायची. आजेसासूची ठुशी नातीच्या बांगड्यांत असते, पण दिसत नाही. माझे लॉकेट सराफाने काट्यावर ठेवले आणि विचारले, "मोडायचं का?" त्यात केस आहेत म्हटल्यावर त्याने ते दोन बोटांनी उचलून परत केले. संग्रह करणारा माणूस या मुशीच्या आडवा उभा असतो. पुण्यात दिनकर केळकर असे उभे राहिले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, वज्र्या, करंडे, फण्या गोळा करीत जन्म घालवला आणि त्या सगळ्याला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे नाव दिले. राजा दिनकर केळकर संग्रहालयात फण्यांच्या कपाटापुढे मी हल्ली जास्त वेळ थांबते. बारीक दातांच्या त्या फण्या कोणाकोणाच्या केसांतून फिरल्या असतील, आणि कोणत्या दिवशी फिरायच्या थांबल्या असतील.

आजी गेल्यावर माळ्यावरची भांडी काढली तेव्हा आत्याबाईंचा म्हणून ओळखला जाणारा पितळी गडवा सापडला. त्यावर ठोकून घातलेले नाव तिचे नाही, तिच्या नवऱ्याचे आहे. तिचे छायाचित्र कोणी काढले नव्हते. लॉकेटच्या आतल्या कडेवर दोन आद्याक्षरे कोरलेली आहेत, बाकी काही नाही. आजीने शेवटच्या आजारात एकदा ते पुन्हा मागून घेतले होते. देवघराच्या भिंतीला लागून ठेवू नको एवढे बजावले, मग उजेडाकडे धरून काचेतून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "केस छान होते गं."