सोलापूरची १९३० सालची हिंसा आणि ‘दहशतवाद’ ही संज्ञा

इतिहासलेखनात संज्ञेची निवड ही केवळ भाषेची बाब नव्हे. पुष्कळदा निर्णय पुराव्याच्या छाननीनंतर न होता संज्ञा निवडताना आधीच झालेला असतो. ‘दहशतवाद’ या शब्दाबाबत हे विशेषच खरे आहे. हा शब्द एकदा उच्चारला गेला की कर्ता कोण, हेतू कोणता आणि भय कोणाच्या मनात निर्माण करावयाचे होते, हे प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही असे वाटू लागते. सोलापूरच्या मे १९३० मधील घटनांचा विचार या दृष्टीने करणे उपयुक्त ठरेल. कारण तेथे जमावाची हिंसा, शासनाची हिंसा आणि पुढे तिचा सूड म्हणून एका व्यक्तीने केलेली हिंसा अशा तीन भिन्न प्रकारांची साखळी एकाच प्रकरणात आढळते.

१

प्रथम संज्ञेविषयी. ‘दहशत’ हा शब्द मराठीत फारसीमार्गे आला व फार पूर्वी रुळला. त्याला ‘वाद’ जोडून झालेली संज्ञा मात्र अर्वाचीन आहे. १९२०-३० च्या सुमाराचे मराठी लेखक राजकीय हिंसेला साधारणतः ‘अत्याचार’ म्हणत, आणि गांधींच्या चळवळीला ‘अनत्याचारी’ हे विशेषण लावीत. आज ‘अत्याचार’ म्हटले की बलिष्ठाने दुर्बलावर केलेला जुलूम मनात येतो. तेव्हाच्या वापरात दुर्बलाने उगारलेला हातही त्यात येत असे. त्या काळची वृत्तपत्रे वाचताना हा अर्थभेद ध्यानात न ठेवल्यास विपर्यास होतो.

युरोपात ‘टेरर’ हा शब्द राजकारणात रूढ झाला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या १७९३-९४ या कालखंडामुळे, आणि तेव्हा तो राज्यकर्त्यांच्या कृत्यांना उद्देशून होता. शासनाविरुद्धच्या हिंसेला तो चिकटला तो नंतर. बंगालमध्ये १९३२ साली ‘टेररिस्ट’ कृत्यांच्या दडपणुकीसाठी त्याच नावाचा कायदा करण्यात आला. १९३४ च्या ऑक्टोबरात मार्सेय येथे युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याचा खून झाला. त्यानंतर राष्ट्रसंघाने १९३७ साली जिनीव्हा येथे दहशतवादविरोधी करार तयार केला. व्यक्ती, गट किंवा सामान्य जनता यांच्या मनात दहशत उत्पन्न करण्याच्या उद्देशाने राज्याविरुद्ध केलेली गुन्हेगारी कृत्ये, अशी त्यातील व्याख्येची दिशा होती. हा करार कधीच अमलात आला नाही. त्याला संमती देणारे एकमेव राष्ट्र म्हणजे तत्कालीन ब्रिटिशांकित हिंदुस्थान, आणि ती संमती १९४१ सालची. या व्याख्येतील ‘राज्याविरुद्ध’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे राज्याने निर्माण केलेली दहशत व्याख्येच्या बाहेरच राहते.

२

व्याख्येची परीक्षा टोकाच्या उदाहरणाने करणे हा तर्कशास्त्राचा जुना प्रघात आहे. येथे असे उदाहरण कल्पित वाङ्मयातून घेता येईल. १९४० साली अमेरिकन चित्रकथांत ‘बॅटमन’ या नायकाचा शत्रू म्हणून ‘जोकर’ हा खलपुरुष अवतरला. तो अवघ्या नगराला भयाने ग्रासतो, निरपराध लोकांना ठार करतो. परंतु सामान्यतः त्याला राज्य नको असते, त्याची कोणती राजकीय मागणी नसते, कोणत्या पंथाचा प्रसार करावयाचा नसतो. मग त्याची हिंसा दहशतवाद ठरते काय?

इंग्लंडच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे कृत्यामागे राजकीय, धार्मिक, वांशिक वा वैचारिक उद्दिष्टाचा पुरस्कार असावा लागतो; ती अट हा खलपुरुष पूर्ण करीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) ११३ व्या कलमात अशा उद्दिष्टाची अट नाही. विहित साधनांनी लोकांत दहशत बसविण्याचा हेतू, किंबहुना तशी संभाव्यताही तेथे पुरते. म्हणजे एकच पात्र एका कायद्याने सुटते आणि दुसऱ्याने सापडते. यावरून दोन कसोट्या स्वतंत्र आहेत हे स्पष्ट होते. पहिली कसोटी उद्दिष्टाची: हिंसा कोणत्या सार्वजनिक हेतूसाठी केली गेली? दुसरी भयाच्या दिशेची: जो मारला गेला त्याच्यापलीकडच्या लोकांना भिवविण्यासाठी ती योजली गेली काय? खलपुरुषाच्या ठायी दुसरी कसोटी पुरी होते, पहिली होत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास दोन्ही आवश्यक मानाव्या लागतील. अन्यथा दरोडेखोर, वेडा खुनी आणि क्रांतिकारक यांत भेदच उरणार नाही. कल्पित कथेत खलपुरुषाचा हेतू लेखक स्वतः सांगू शकतो. इतिहासात तो पुराव्यावरून काढावा लागतो, आणि पुरावा बहुधा विजयी पक्षाच्या दप्तरात असतो.

३

आता सोलापूर. गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्याचे वृत्त पसरताच या गिरण्यांच्या शहरात हरताळ पडला व मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजी पोलीस व जमाव यांच्यात संघर्ष होऊन गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात बळी पडला. प्रक्षुब्ध जमावाने न्यायालयाची इमारत जाळली, पोलीस चौकीवर हल्ला केला, आणि पोलीस शिपाई मारले गेले. त्यानंतर शहरातून पोलीस हटले, आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी काही दिवस शहराची व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला. तो जूनअखेरपर्यंत टिकला.

जमावाच्या कृत्यास आपल्या दोन कसोट्या लावून पाहू. उद्दिष्ट सार्वजनिक होते यात शंका नाही. परंतु दुसरी कसोटी लागू पडत नाही. हिंसा गोळीबारानंतर, त्याच्या संतापात भडकली. तिच्यामागे पूर्वयोजना दिसत नाही. शिवाय सामान्य नागरिकांना भिवविणे हा जमावाचा हेतू असता, तर पोलीस नसलेल्या त्या दिवसांत त्याला पूर्ण मोकळीक होती. प्रत्यक्षात त्याच दिवसांत स्वयंसेवक सुव्यवस्था राखण्यासाठी रस्त्यावर होते. न्यायालय जाळणे हा राज्यसत्तेला दिलेला संदेश होता, असा आक्षेप घेता येईल, व तो रास्त आहे. तथापि सत्तेच्या प्रतीकावर आघात करणे आणि तिऱ्हाइतास भयभीत करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ही हिंसा दहशतवाद नव्हती याचा अर्थ ती क्षम्य होती असा नव्हे. जाळले व मारले गेलेले शिपाई माणसेच होती, त्यांनाही घरे होती. खून हा खूनच. फक्त त्याला योग्य नावाने ओळखले पाहिजे. १९२२ साली चौरीचौरा येथे पोलिसांना जाळण्यात आले तेव्हा गांधींनी चळवळ मागे घेतली. परंतु त्यांनीही त्या कृत्याला जमावाचा अनाचार मानले, कटाचे फळ नव्हे.

४

मार्शल लॉच्या काळाला हीच मोजपट्टी लावली तर चित्र पालटते. गांधी टोपी घालणे आणि राष्ट्रध्वज मिरविणे हे अपराध ठरले. टोपी घालणाऱ्याने कोणास इजा केलेली नसते. म्हणून त्याला शिक्षा होते ती त्याच्या कृत्याची नव्हे, ती इतर हजारोंनी पाहावी यासाठी होते. येथे उद्दिष्ट राजकीय आहे आणि भयाची दिशा बळी पडलेल्याच्या पलीकडची आहे. दोन्ही कसोट्या पुऱ्या होतात. अपुरी पडते ती केवळ ‘राज्याविरुद्ध’ ही १९३७ च्या करारातील अट. ती अट इतिहासकाराने का स्वीकारावी, याला समाधानकारक उत्तर नाही.

पोलिसांच्या हत्येबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’ पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. हे चौघे निर्दोष होते, अशी राष्ट्रीय पक्षाची धारणा होती. सोलापूर त्यांना चार हुतात्मे म्हणूनच ओळखते. चौघे भिन्न समाजांतील होते, ही गोष्ट शहराच्या स्मृतीत विशेष ठसली आहे.

या साखळीचा पुढचा दुवा पुण्यात आहे. २२ जुलै १९३१ रोजी फर्गसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर गोळी झाडली. हॉटसन बचावले. सोलापूरच्या दडपशाहीचा सूड हे या कृत्याचे कारण म्हणून सांगितले जाते. गोगटे यांचे कृत्य पूर्वनियोजित होते, त्याचे उद्दिष्ट राजकीय होते. मात्र लक्ष्य होती एक विशिष्ट व्यक्ती, जिला सोलापूरबद्दल जबाबदार धरण्यात आले. अन्य अधिकाऱ्यांना जरब बसावी असाही हेतू त्यात असू शकेल. म्हणून तीन प्रकारांत हेच प्रकरण सीमेवरचे आहे. ‘राजकीय हत्येचा प्रयत्न’ हे नाव त्याला अधिक शोभते.

५

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण निश्चित आहे. ‘दहशतवाद’ हे नाव कर्त्याच्या पक्षावरून ठरवू नये. उद्दिष्ट व भयाची दिशा या दोन कसोट्यांनी, प्रत्येक घटनेसाठी स्वतंत्रपणे ठरवावे. हे पथ्य पाळल्यास ८ मे रोजी जमावाने केलेली हिंसा दंगल व मनुष्यवध ठरते, गोगटे यांचे कृत्य हत्येचा राजकीय प्रयत्न ठरते, आणि दहशतीच्या संज्ञेशी सर्वांत जवळचे नाते मार्शल लॉच्या नियमांचे ठरते. वटहुकूम, न्यायनिर्णय आणि समकालीन वृत्तपत्रे समोर ठेवून काम करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम आपल्या साधनांतील प्रत्येक संज्ञा कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या तारखेस वापरली हे टिपून ठेवावे. १९३० च्या कागदावर आजचा शब्द लादणे जितके चुकीचे, तितकेच त्या काळच्या सत्तेचा शब्द आपला म्हणून उचलणे चुकीचे आहे. चौघांच्या गळ्यात फास पडला तो अशाच एका निर्णयामुळे. त्या निर्णयाचे परीक्षण करण्याचे काम इतिहासाकडे आले आहे, आणि ते शब्दांपासूनच सुरू करावे लागेल.