भीती पुसली जात नाही
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण सहज म्हणून जातो. या म्हणीतली गोष्ट मेंदूत कुठं आणि कशी घडते, हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली.

रशियात पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आपण शाळेत वाचलेले असतात. ठरावीक खुणेनंतर अन्न मिळतं हे अंगवळणी पडलं, की नुसत्या खुणेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच रीत भीतीला लावली होती. अकरा महिन्यांचं एक बाळ होतं; निबंधात त्याचं नाव अल्बर्ट. पांढऱ्या उंदराकडे त्यानं हात पुढे केला, की पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा आदळायचा. थोड्याच खेपांत बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागलं. पुढे ते सशाला आणि केसाळ कोटालाही भिऊ लागलं. ही भीती घालवण्याआधीच बाळाला तिथून नेण्यात आलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही.

चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी उलटी वाट दाखवली. पीटर नावाचा छोटा मुलगा सशाला घाबरायचा. तो खाऊ खात असताना त्यांनी ससा आधी लांब ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला.

भीती गेली खरी, पण पुसली गेली का? मावळलेली सवय काही काळानं आपोआप परत येते, हे पावलॉव्ह यांनी आधीच पाहिलं होतं. ती तोवर राहते कुठं, हे पाहायला मात्र खिडकी नव्हती.

ती १९९० मध्ये उघडली. रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून मेंदूतली हालचाल एमआरआय यंत्रानं टिपता येईल, हे सेइजी ओगावा यांनी उंदरांवर दाखवलं. मग माणसांवरचे प्रयोग सुरू झाले. पडद्यावर एखादी आकृती दिसते, तिच्याबरोबर मनगटाला सौम्य विजेचा झटका बसतो. थोड्या वेळानं झटका नसतानाही ती आकृती दिसली, की तळहाताला घाम सुटतो.

१९९८ मध्ये अशा दोन प्रयोगांत बदामाच्या आकाराचा अमिग्डला हा भाग सुरुवातीला जागा होताना आणि मग निवताना दिसला. झटका बंद केल्यावर भीती ओसरते, तेव्हा कपाळामागच्या मेंदूचा आतला, खालचा भाग कामाला लागतो, हे २००४ मध्ये एलिझाबेथ फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे जुनी भीती तशीच राहते. 'आता धोका नाही' हा नवा धडा तिच्यावर पहारा ठेवतो.

इथंच दुखण्याचा धागा सापडला. मोठ्या आघातानंतर सतत धास्तीत जगणाऱ्या काही जणांची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. धोका नसल्याचा धडा ते पहिल्या दिवशी इतरांसारखाच शिकले. दुसऱ्या दिवशी मात्र तो आठवेना, आणि तो पहारेकरी भाग मंद दिसला.

पण चित्रं फसवतातही. अमिग्डला म्हणजे 'भीतीचं केंद्र' असं सर्रास छापलं गेलं. २०१६ मध्ये २७ अभ्यासांतल्या ६७७ निरोगी माणसांची चित्रं एकत्र तपासली, तेव्हा अमिग्डलाचा ठोस ठसा मिळाला नाही. इतर अनेक भाग मात्र उजळलेले होते. भीती एकाच कोपऱ्यात राहत नाही. म्हणूनच नुसती मेंदूची चित्रं पाहून डॉक्टर चिंताविकाराचं निदान करत नाहीत.

उपचार या यंत्रानं शोधला नाही. पीटरच्या खाऊनं तो आधीच दाखवला होता. एकदा बरं वाटून का भागत नाही, हे यंत्रानं सांगितलं. धडा नवा असतो, तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी, जाणकाराच्या सोबतीनं गिरवावा लागतो. घरातलं कुणी लिफ्टला किंवा गर्दीला घाबरत असेल, तर 'काल तर जमलं होतं, आज काय झालं?' असं विचारण्याआधी हे आठवावं. काल शिकलेलं आज आठवत नाही, हेच तर त्याचं दुखणं आहे.